खालची फूट

सुखदेवबाबू सोमकुवर यांच्या हातून उभ्या जन्मात एक झाड लागलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. मध्य प्रदेशातल्या सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाकडून कोणी फुलांची अपेक्षा करत नाही. पण निवृत्त होऊन, सौंसरचं क्वार्टर सोडून ते पांढुर्ण्याला स्वतःच्या घरात राहायला आले आणि घोटाळा झाला.

घर नवं होतं. घरापुढे अंगण होतं. अंगणात मात्र माती नव्हती, मुरूम होता, आणि तो इतका कडक की नळाची लाइन टाकायला आलेल्या माणसानं कुदळ एकदा मारून आधी कुदळीकडे आणि मग सुखदेवबाबूंकडे दयेनं पाहिलं होतं. सौंसरच्या क्वार्टरच्या दाराशी शकुंतलाबाईंचा लाल गुलाब होता. गावठीच, पण वास असा की डाक घेऊन येणारा माणूस दारात गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राही. त्या क्वार्टरात राहायला आल्या तेव्हा त्यांनीच तो लावलेला. रोज सकाळी एक फूल बुद्धाच्या मूर्तीसमोर आणि एक अंबाड्यात, असा वीस-बावीस वर्षांचा शिरस्ता. पांढुर्ण्यात मूर्तीपुढे बाजारची शेवंती आली. अंबाड्यात काहीच आलं नाही.

शकुंतलाबाई त्याबद्दल बोलत नव्हत्या, आणि तीच मोठी अडचण होती. त्या बोलत तेव्हा सुखदेवबाबूंना भीती नसे. ऐकून घेणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. पण न बोलण्याला उत्तर काय द्यायचं, हे कोणत्याही सरकारी परिपत्रकात त्यांना सापडलं नव्हतं.

अशात एका बाजाराच्या दिवशी सौंसरहून मोरेश्वर आला. सुखदेवबाबूंच्या खुर्चीवर आता बसायचा तो हाच. चहा पिता पिता तो म्हणाला, "तुमची क्वार्टरं पाडून राहिले जी बाबू. दिवाळीनंतर सारं सपाट. नवी दुमजली बांधते म्हणे सरकार."

आत शकुंतलाबाईंच्या हातातला साखरेचा डबा थांबला. मग त्यांनी मोरेश्वरच्या दुसऱ्या चहात दोनदा साखर घातली. मोरेश्वर तो सभ्यपणे प्यायला.

तो गेल्यावर सुखदेवबाबू खाकरून म्हणाले, "तो गुलाब मी आणतो."

"तुम्ही?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

एवढंच. पण त्या एका शब्दात काय नव्हतं! सुखदेवबाबू ताठ झाले. म्हणाले, "हो, मी. आणि तू त्याला हात लावायचा नाहीस. आणणार मी, लावणार मी, आणि फूल तुझ्या हातात देणार मी."

"बरं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "म्हातारं झाड आहे, उपटाल तर मरन. काड्या आणा." आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी यापुढे गुलाबाच्या बाबतीत तोंड मिटून घेतलं. हा पण आपण का केला, याचा पश्चात्ताप सुखदेवबाबूंना त्याच संध्याकाळी झाला. मात्र पण मोडायला जी हिंमत लागते, ती त्यांच्यात पण करायच्या हिमतीहून कमी होती.

सौंसरला क्वार्टरला कुलूप होतं आणि फाटकावर नोटीस होती. सुखदेवबाबू कचेरीत गेले.

"अर्ज द्यावा लागते ना बाबू," मोरेश्वर म्हणाला.

"अरे, काडी तोडायची आहे. गुलाबाची."

"तेच तर. सरकारी जागेतली काडी आहे. अर्जाशिवाय टाचणीही बाहेर जाऊ द्यायची नाही, हे मले कोणं शिकवलं?"

ते सुखदेवबाबूंनीच शिकवलं होतं. त्यांनी निमूटपणे कागद घेतला आणि घाटदार अक्षरात हिंदीतून लिहिलं: 'विषय – क्वार्टर परिसर में स्थित गुलाब के पौधे से टहनी प्राप्त करने बाबत.' लिहून झाल्यावर त्यांनी तो थोडा दूर धरून पाहिला. त्यात एकही खोट नव्हती. असा निर्दोष अर्ज नामंजूर होऊ शकतो, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं. टेबलाटेबलांवरून फिरत अर्ज आणि मागोमाग अर्जदार असे दोघं साहेबांसमोर पोचले. साहेब तरुण होते, भोपाळकडचे.

"यह गुलाब विभाग ने लगाया था?"

"नहीं साहब, मेरी धर्मपत्नी ने."

"किसकी अनुमति से?"

आपल्या नाकासमोर आपल्याच बायकोनं वीस वर्षं सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलं आणि आपण त्याचा वास घेत राहिलो, हे सुखदेवबाबूंच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

साहेबांनी फाइल उलगडली. "रिकॉर्ड में यहाँ एक नीम है और एक हैंडपंप है. गुलाब है ही नहीं. जो है ही नहीं, उसे काटने की अनुमति मैं कैसे दूँ?"

बाहेर आल्यावर सुखदेवबाबूंचा चेहरा पाहून मोरेश्वरला दया आली. "बाबू, साहेब चुकीचं नाही बोलले. नाहीच म्हणते सरकार. मग जे नाहीच, ते तोडलं तर चोरी कायची? चला, किल्ली आहे माझ्यापाशी."

तर्क बिनतोड होता. पण ज्या माणसानं कचेरीची पेन्सिल कधी खिशाला लावून घरी नेली नाही, त्याचे हात अशा वेळी तर्काचं ऐकत नाहीत. शिवणकामाची कात्री हातात धरून सुखदेवबाबू त्या नसलेल्या झुडपात शिरले, चारी दिशांना पाहत त्यांनी घाईघाईनं काड्या कापल्या, आणि निघताना झुडपानं त्यांची बाही धरली. ती सोडवताना धोतर धरलं. धोतर सोडवायला वाकले तर टोपी वर राहिली. शेवटी मोरेश्वरनं त्यांना एकेका काट्यातून मोकळं केलं आणि म्हणाला, "ओळखलं बाबू तिनं तुमाले. सोडत नाही."

काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ते पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले. पुडकं अगदी जपून शेजारच्या सीटवर ठेवलं. मोहगावला गर्दी घुसली आणि एक भरदार गृहस्थ, पुढे कंडक्टरशी भांडता भांडता, मागे न पाहता त्या सीटवर बसले.

ते जितक्या वेगानं बसले त्याच्या दुपटीनं उठले. "अरे बाप रे! चावला! इच्चू!"

'इच्चू' हा शब्द भरल्या बसमध्ये उच्चारल्यावर पुढचं कोणी सांगायला नको. दोन्ही दारांतून माणसं सांडली. मागच्या बायका खिडकीतून पोरं खाली देऊ लागल्या. आणि इथे सुखदेवबाबूंच्या स्वभावानं घात केला. 'विंचू नाही, माझा गुलाब आहे' एवढं वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं, पण इतक्या लोकांसमोर बोलायचं म्हणजे – ते आलं तसं परत गेलं. उलट तेही बाकांखाली वाकून इतरांसोबत विंचू शोधू लागले. विंचू मिळाला नाही. या शोधात पुडक्यावरून बरीच पावलं गेली. घरी पोचून त्यांनी कागद उघडला तेव्हा धड काड्या एका मुठीत मावतील एवढ्याच उरल्या होत्या.

शकुंतलाबाईंनी त्या पाहिल्या.

डालड्याच्या डब्यांना भोकं पाडून, नाल्याकाठची माती आणून सुखदेवबाबूंनी काड्या लावल्या. लावून हात धुवेपर्यंत कुंपणावर शेजारचे रघुनाथराव उगवले. रघुनाथरावांचा संत्र्याचा बगीचा होता. पांढुर्ण्यात बगीचा असलेला माणूस जगातल्या सर्व वनस्पतींकडे संत्रा होण्यात कमी पडलेली झाडं म्हणून पाहतो.

"पाणी देऊन राहिले?" त्यांनी विचारलं.

"हो. रोज."

"तिथंच चुकलं तुमचं. ताण द्या, बाबू, ताण! आमी संत्र्याले काय करतो? पाणी तोडतो. पानं कोमेजू देतो. झाडाले वाटलं पाहिजे का आता आपण मरतो. मंग पाणी सोडायचं का जो बहार फुटते ना जी, फांदी दिसत नाही."

सुखदेवबाबूंनी क्षणभर विचार केला. ते स्वतः सबंध नोकरीभर ताणावर होते आणि त्यांना कधी बहार आला नव्हता. पण ते माणसाचं झालं. झाडाचं रघुनाथरावांना जास्त कळणार. त्यांनी अर्ध्या डब्यांचं पाणी तोडलं. काड्यांना वाटलं की आता आपण मरतो, आणि त्या मेल्या.

"गावठी गुलाब ना, त्याले इशारा समजला नाही," रघुनाथराव म्हणाले. त्यांनी पुढच्या वेळी चुना आणि मोरचुदाचा मलम आणला. संत्र्याच्या बुडाला लावतात तो. उरलेल्या काड्या निळ्या झाल्या. आठवडाभर अंगण एखाद्या बारशाच्या तयारीसारखं शोभिवंत दिसलं. मग त्यातल्याही काही गेल्या.

ज्या वाचल्या त्यांच्यावर समोरच्या प्रमिलाताईंची नजर होती. प्रमिलाताई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. केलेला अभ्यास तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शाळेत जाताना त्या फाटक लोटून आत येत, "मूळ फुटलं का, तेवढं पाहते हं बाबूजी," म्हणत, एक काडी उपसून उन्हात धरत, चष्मा सारखा करत, "नाही अजून," म्हणून परत खुपसत. शाळेतून येताना दुसरी. त्यांचं पाहून गल्लीतल्या बाकीच्या बायकाही येऊ लागल्या. येत, उपसत, परत लावत, आणि मग पायरीवर शकुंतलाबाईंजवळ बसून चहा घेत. काड्यांना मूळ फुटायला जी शांतता लागते ती त्या अंगणात पहाटे सोडून कधी नव्हती. "उपसू नका" असं म्हणायचं सुखदेवबाबू रोज सकाळी ठरवत. पण परक्या बाईला काही मना करायचं म्हणजे आधी तिच्याकडे पाहावं लागतं.

तरी एका काडीला पान आलं. चक्क पान. तांबूस, नखाएवढं. सुखदेवबाबूंनी ते पाहिलं, परत आत जाऊन चष्मा लावून पाहिलं, आणि त्यांच्या शांत आयुष्यातला सर्वात अविचारी निर्णय घेतला: गल्लीत पेढे वाटले. लोकांनी पेढे घेतले आणि मुलगा झाला की मुलगी, असं विचारलं. शकुंतलाबाई दारात येऊन पान पाहून गेल्या. पुढच्याच आठवड्यात पान काळं पडलं. रघुनाथरावांनी काडी उपसली. खाली मुळाचं नाव नव्हतं. "आपल्या अंगातल्या रसावर फुटली होती जी. खाली काहीच नाही," ते म्हणाले. खाल्लेल्या पेढ्यांचा आता लोकांनाच संकोच वाटू लागला. वाटेत सुखदेवबाबू दिसले की ते दुखवट्याला भेटावं तसं हळू बोलत.

दिवाळीनंतर ते आणखी काड्यांसाठी सौंसरला गेले. मोरेश्वर त्यांना फाटकापर्यंत घेऊन गेला आणि उभा राहिला. क्वार्टर नव्हतं. गुलाबही नव्हता, आणि या वेळी तो खरोखरच नव्हता. विटांच्या ढिगाशेजारी कडुनिंब आणि हातपंप तेवढे शाबूत होते, रिकॉर्डप्रमाणे.

घरी येऊन त्यांनी डबे पाहिले. एकच काडी हिरवी होती. तीही टोकाकडून वाळत आलेली.

त्या रात्री ते जेवले नाहीत. शकुंतलाबाईंनी विचारलं, "सौंसरले जाऊन आले?" ते "हो" म्हणाले. "मंग?" "काही नाही. मोरेश्वर भेटला." शकुंतलाबाईंनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं आणि ताट झाकून ठेवलं. त्यांना काय समजायचं ते समजलं होतं.

संक्रांत झाल्यावर रघुनाथराव एक डबा घेऊन आले. डब्यात त्यांच्या बगीच्याच्या कुंपणावरचा रानगुलाब होता, चांगला मुळं धरलेला. "काडी लावणं हे पोरासोरांचं काम आहे बाबू," ते म्हणाले. "आपण संत्र्यासारखं करू. खाली जंबेरीचा, म्हणजे रानलिंबाचा, खुंट असते, वर संत्र्याचा डोळा बांधतो का नाही? हा तुमचा खुंट. त्या काडीवर एखादा डोळा जिता आहे का पाहू."

एक डोळा जिवंत होता. म्हणजे सगळ्या सौंसरच्या गुलाबाचा, शकुंतलाबाईंच्या सगळ्या सकाळींचा, गव्हाच्या दाण्याएवढा ऐवज उरला होता. रघुनाथरावांनी रानगुलाबाच्या सालीत चाकूनं चीर दिली, डोळा तिच्यात सरकवला, प्लास्टिकची पट्टी आवळली. वरचा शेंडा छाटला. सुखदेवबाबू अगदी वाकून पाहत होते. इतक्या जवळून त्यांनी स्वतःच्या मुलांची बारशीही पाहिली नव्हती.

"आता एकच लक्षात ठेवा," रघुनाथराव चाकू पुसत म्हणाले. "पट्टीच्या खालून फूट आली का मोडून टाकायची. ती खुंटाची. तिले ठेवली का सारं ती खाते अन् वरचा डोळा उपाशी मरते. दया करायची नाही."

सुखदेवबाबूंनी मान डोलावली. डब्याभोवती बाभळीच्या काट्या रचून त्यांनी प्रमिलाताईंचा प्रश्न त्यांच्याकडे न पाहता सोडवला. आणि रोज पहाटे ते डब्याजवळ जाऊन बसू लागले.

दोनेक आठवड्यांनी फूट आली. पट्टीच्या खालून.

सुखदेवबाबूंनी अंगठा आणि बोट पुढे केलं. फूट कोवळी होती, काटेसुद्धा अजून मऊ. त्यांनी बोटं मागे घेतली. सहा महिन्यांच्या वाळक्या काड्यांनंतर त्यांच्या हाताखाली खऱ्या मुळांवर आलेली ही पहिली हिरवी गोष्ट होती. ती मोडायची? पुन्हा, नियमाचा अर्थ लावणं हे त्यांचं जन्माचं काम. 'खालून' म्हणजे नेमकं किती खालून, हे रघुनाथरावांनी स्पष्ट केलं नव्हतं. ही फूट बारकाईनं पाहिली तर खालून नव्हतीच. शेजारून होती. अमुक एका अंगानं पाहिली तर थोडी वरूनसुद्धा. त्या अंगानं पाहायची त्यांनी सवय करून घेतली. पट्टी सुटून तिच्यातला डोळा खपलीसारखा गळून पडला, तेव्हा ते नेमके दुसऱ्या अंगाला बसले होते.

फूट तरारली. फांदी झाली. होळीनंतर तिच्या टोकाला कळ्यांचा झुपका आला. सुखदेवबाबू पहिल्यांदाच आपणहून घरोघर गेले आणि पायांकडे पाहत सगळ्यांना सांगून आले, "उद्या सकाळी फुलेल बहुतेक. सौंसरचा लाल आहे. या."

सगळे आले. प्रमिलाताई तर शाळेच्या वेळेआधी येऊन काट्या बाजूला सारून उभ्या होत्या. उन्हाची तिरीप डब्यावर आली आणि कळी उघडली.

फूल पांढरं होतं. पाच पाकळ्यांचं, बोराएवढं.

मग रघुनाथराव वाकले, बोटानं माती सारली, बुडाशी पाहिलं, आणि हसायला लागले. "अरे, हे तर माह्या कुंपणाचं! जंबेरी फुटली बाबू, जंबेरी! मी म्हटलं नव्हतं, खालची फूट मोडत जा? काहून नाही मोडली?"

"मोडवली नाही," सुखदेवबाबू म्हणाले.

आता सगळेच हसले. वाईट नव्हती माणसं; पण पेढे खाल्लेले होते, वाट पाहिलेली होती, हसू तर येणारच. सुखदेवबाबूंनी खाली पाहत टोपी काढली, परत घातली. शकुंतलाबाई दारात पूजेचं तबक घेऊन उभ्या होत्या, लाल फुलासाठी आणलेलं. त्यांच्याकडे पाहायचं धाडस त्यांना होईना. साऱ्या गल्लीला बोलावून आपण बायकोच्या हातात शेजाऱ्याचं कुंपण ठेवलं होतं.

शकुंतलाबाई पायऱ्या उतरल्या. फूल खुडलं, तबकात ठेवलं. आणि रघुनाथरावांकडे वळल्या.

"मोडली असती, तर आज काय पाहाले आले असते भाऊजी तुम्ही? वाळलं लाकूड?"

रघुनाथरावांचं हसू थांबलं. "तसं नाही वहिनी, संत्र्याच्या हिशेबानं –"

"संत्र्याचा हिशेब बगीच्यात. बसा सारे, चहा ठेवते."

लोक बसले. चहा झाला. प्रमिलाताईंनी, रानगुलाब काडीनं सहज लागतो म्हणतात, तर एक काडी आम्हालाही द्या, असं सांगून ठेवलं, त्यांच्यामागे इतरांनीही. सगळे पांगल्यावर सुखदेवबाबू पायरीवर एकटेच बसून राहिले. शकुंतलाबाई मूर्तीसमोर फूल ठेवून बाहेर आल्या. हातात झुपक्यातलं दुसरं फूल होतं.

"तो गेला," सुखदेवबाबू म्हणाले. "सौंसरचा. माझ्या हातून गेला."

"मले माहीत आहे. कळ्या यायच्या आधीच पानावरून ओळखलं होतं. सौंसरच्याले एका देठाले पाच पानं असत. याले सात आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"पहाटे तुम्ही त्याच्यापाशी बसून बोलत होते ना," शकुंतलाबाई म्हणाल्या. "खिडकी उघडीच असते."

सुखदेवबाबूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पहाटे ते त्या फुटीला काय काय सांगत होते, ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं. तिला इथे करमत नाही. मी तिला तिकडून उचलून आणलं, विचारलंसुद्धा नाही. तिच्या केसात काही नसलं की मला घरात पाय ठेवताना चुकल्यासारखं वाटतं. तू लवकर फूल बाबा. असलं बरंच काही, जे कुठल्याही शहाण्या नवऱ्यानं बायकोला ऐकू येईल असं बोलू नये.

"इतक्या वर्षांत येवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते मी कायले मोडू?"

त्यांनी पाठ फिरवली आणि फूल अंबाड्यात खोचलं. ते फारच छोटं होतं, घसरायला लागलं. "सरळ बसलं का पाहा," त्या म्हणाल्या.

सुखदेवबाबूंनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. रघुनाथराव कुंपणापलीकडे पाठमोरे होते. प्रमिलाताई शाळेच्या वाटेला लागल्या होत्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि फूल सरळ केलं. काटा बोटाला टोचला, पण तेवढ्यावरून त्यांनी हात लगेच मागे घेतला नाही.